मुरलेला साबण

तेल आणि तीव्र आम्लारी यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. घरगुती साबणासाठी आम्लारी म्हणून कॉस्टिक सोडा वापरतात. मोठ्या कारखान्यांत बहुधा ग्लिसरीन वेगळे काढून स्वतंत्र विकले जाते. घरगुती ‘थंड पद्धती’त ते वडीतच राहते आणि मिश्रण चुलीवर शिजवावेही लागत नाही. तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतणे ही दुसरी, सोपी वाट. तिच्यात सोडा हाताळावा लागत नाही आणि काही तासांत माल हाती येतो. पण तेल कोणते आणि किती, हे तिथे बेस बनवणारा कारखानाच ठरवतो. साबण खऱ्या अर्थाने घरी बनतो तो थंड पद्धतीत.

कोकणातल्या घरगुती उद्योगाला या कामाचा कच्चा माल जवळच मिळतो. खोबरेलाचा साबण कडक होतो आणि विहिरीच्या मचूळ पाण्यातही फेस देतो. मात्र निव्वळ खोबरेलाची वडी अंगाला कोरडी पडते, म्हणून सोबत मऊ तेले लागतात. राइस ब्रान तेल तो कोरडेपणा कमी करते. एरंडेलाने फेस टिकतो. रातांब्याच्या बियांपासून निघणारे कोकमतेल, म्हणजे गोव्यातले भिरंडेल, साध्या हवेत गोळ्यासारखे घट्ट असते. भेगाळलेल्या टाचांना लावायचे हे घरोघरचे औषध साबणाला कडकपणाही देते आणि मऊपणाही. एकाच तेलातून हे दोन्ही गुण मिळणे दुर्मीळ. कोकणातल्या साबणाची खरी ओळख या तेलात आहे.

एका घाण्याचा हिशेब असा. खोबरेल ५०० ग्रॅम, राइस ब्रान तेल २५०, कोकमतेल १५० आणि एरंडेल १००, असे एकूण एक किलो तेल. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो: खोबरेलाच्या एका ग्रॅमला सुमारे ०.१८३ ग्रॅम, राइस ब्रानला ०.१३०, कोकमतेलाला ०.१३५ आणि एरंडेलाला ०.१२८. या मिश्रणाची बेरीज १५७ ग्रॅमच्या आसपास जाते. तेवढा सोडा मात्र घालत नाहीत. पाच टक्के कमी करून १४९ ग्रॅम घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे उरते आणि सोड्याचा कणही शिल्लक राहत नाही. पाणी सोड्याच्या दुप्पट, ३०० ग्रॅम. सगळे वजनाने मोजायचे, पाणीसुद्धा. स्वयंपाकातला ‘अंदाज’ इथे चालत नाही. एक ग्रॅम दाखवणारा काटा ही या धंद्यातली पहिली खरेदी. तेल बदलले, अगदी राइस ब्रानऐवजी शेंगदाण्याचे घेतले, तरी हिशेब नव्याने मांडावा लागतो.

सोडा पाण्यात घालतात, पाणी सोड्यावर कधीच ओतत नाहीत. तसे केले तर मिश्रण उसळून अंगावर येते. सोडा विरघळताना पाणी चटका बसण्याइतके तापते आणि घशाला झोंबणारी वाफ निघते, म्हणून हे काम पडवीत किंवा उघड्या खिडकीपाशी होते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. अॅल्युमिनियमचे भांडे वर्ज्य, कारण सोडा त्याला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची, आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात न जाणारी. कातडीवर थेंब उडाला तर लिंबू किंवा व्हिनेगर न चोळता भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावे. सोड्याची पिशवी उघडी राहिली तर तो हवेतला ओलावा शोषून कमजोर होतो; मग हिशेब बरोबर असूनही साबण मऊ राहतो. चूक हिशेबात शोधली जाते आणि ती असते पिशवीच्या तोंडाशी.

तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आले की एकत्र करतात. हाताने घोटायला बराच वेळ लागतो, हँड ब्लेंडरने काही मिनिटे. मिश्रण आधी ताकासारखे पातळ असते, मग कढीसारखे दाटते, आणि डावातून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर तशीच उमटून राहिली की ‘ट्रेस आला’ म्हणतात. कोकमतेलाच्या मिश्रणात एक फसगत होते. तापमान उतरले तर तेल नुसतेच थिजते आणि ट्रेस आल्यासारखे दिसते. असे मिश्रण साच्यात ओतले तर तेल वर आणि सोड्याचे पाणी खाली असे वेगळे होऊ शकते.

रंग-सुगंध घालायची वेळ ट्रेसनंतर. क्षारात पडलेले नैसर्गिक रंग आपला स्वभाव बदलतात. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू याच गुणावर बनत आले आहे. त्यामुळे हळदीचा साबण पिवळा न होता विटकरी-केशरी होतो आणि उजेडात फिकटतो. जास्वंदीचा लाल मळकट होतो, कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवा हळूहळू मातकट. कोळशाची पूड मात्र टिकते. लवंगेचे तेल मिश्रण इतके झपाट्याने दाटवते की साच्यापर्यंत नेईस्तोवर त्याचा गोळा होतो. खरे चंदनतेल फार महाग. स्वस्त ‘चंदन’ साबणाला वास बहुधा कृत्रिम अत्तराचा असतो, आणि तसे वेष्टनावर लिहिणे हाच सरळ मार्ग.

साच्यात एक-दोन दिवसांत लादी कापण्याजोगी घट्ट होते. सुमारे १,४५० ग्रॅमच्या घाण्यातून ११५ ग्रॅमच्या बारा वड्या आणि थोडे तुकडे निघतात. यानंतर चार ते सहा आठवडे वड्या जाळीवर, एकमेकींना न टेकता, सावलीत ठेवतात. लोणच्यासारखा साबणही मुरतो. सोडा मरावा म्हणून इतके थांबायचे, असा समज सर्वत्र आहे, पण साबणीकरण पहिल्या दोन दिवसांतच बहुतेक पूर्ण होते. पुढचे आठवडे लागतात ते पाणी उडायला आणि वडीची आतली घडण पक्की व्हायला. दुसऱ्या आठवड्यात वापरलेली वडी भराभर झिजते. सहा आठवडे मुरलेली तीच वडी बरीच जास्त टिकते. जाणकार प्रत्येक घाण्यातल्या एका वडीवर खूण करून ती दर आठवड्याला तोलतात आणि वजन वहीत लिहितात. ११५ ग्रॅमची वडी १०२-१०३ ग्रॅमवर येऊन थांबली की घाणा तयार.

कोकणचा पावसाळा या हिशेबाला छेद देतो. जुलैत हवाच इतकी ओली असते की वजन उतरत नाही, उलट ग्लिसरीन ओलावा ओढते आणि वडीवर दवाचे थेंब जमतात. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाची मागणी वर्षातली सर्वांत मोठी, आणि तिच्या आधीचे सहा आठवडे नेमके पावसाच्या शेपटात येतात. म्हणून दिवाळीचा माल एप्रिल-मेमध्येच करून ठेवणे शहाणपणाचे. त्यासाठी खोबरेल जास्त असलेले मिश्रण घ्यावे, कारण ते लवकर खवट होत नाही. खवटपणाची पहिली खूण म्हणजे वडीवरचे नारिंगी ठिपके. अशी वडी विकू नये.

चांगल्या साबणाचा सामू ९ ते १० च्या दरम्यान असतो. तेलापासून बनलेला खरा साबण ५.५ सामूचा असूच शकत नाही. तसा दावा करणारी वडी एकतर साबण नाही, किंवा दावा खोटा आहे. भारतीय मानकात अंगाच्या साबणाची प्रत एकूण स्निग्धांशावर ठरते: पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. वर दिलेल्या मिश्रणाचा स्निग्धांश साधारण ७० ते ७५ भरतो, कारण ग्लिसरीन आणि थोडे पाणी वडीत असते. अंगाला सौम्य लागणारी वडी या मोजमापात थोडी खाली दिसते, हे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला समजावून सांगावे.

विक्रीसाठी साबण बनवणे कायद्याने सौंदर्यप्रसाधनाच्या उत्पादनात मोडते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या नियमांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी वेगळी जागा आणि रसायनशास्त्र शिकलेली जबाबदार व्यक्ती दाखवावी लागते. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तारखा, परवाना क्रमांक आणि पत्ता हवा. ‘मुरुमे घालवतो’, ‘इसब बरा करतो’ असे लिहिले की माल औषधाच्या कक्षेत जातो. प्रदर्शनांतल्या टेबलांवर परवान्याविना माल सर्रास दिसतो, पण वाढू पाहणाऱ्या उद्योगाने त्या भरवशावर राहू नये. ज्यांना जागेची अट जमत नाही ते परवानाधारक उत्पादकाकडून आपल्या कृतीने माल बनवून घेतात. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत असली तर राज्यांतर्गत विक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण साबण राज्याबाहेर पाठवायचा तर लागते.

किंमत ठरवताना बहुतेकांचे चुकते ते मजुरीत. तेल, सोडा, सुगंध आणि कागद यांचीच बेरीज होते. घोटणे, कापणे, उलटवणे, पॅकिंग आणि प्रदर्शनात दिवसभर उभे राहणे धरले जात नाही. सहा आठवडे जाळीवर अडकलेले भांडवलही त्यातच धरायला हवे. दुकानदाराला द्यायची सूट आधी मोजून मगच छापील किंमत ठरवावी. पैसा फिरता राहावा म्हणून अनेक घरे सोबत मेणबत्त्या करतात. त्या दोन-तीन दिवसांत विकायला तयार होतात आणि त्यांना सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागत नाही. बचत गटांसाठी मुंबईत भरणारे महालक्ष्मी सरस हे मोठे प्रदर्शन. तिथे वडी हातात घेऊन हुंगणारे गिऱ्हाईक भेटते, आणि सुगंधी वस्तूला छायाचित्रापेक्षा ते जास्त उपयोगी.

वडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली तर आत घाम धरते, म्हणून कागदाची पट्टी किंवा सुती पिशवी बरी. घरी गेल्यावर ग्लिसरीनमुळे ती साचलेल्या पाण्यात लवकर विरघळते. काही विक्रेते प्रत्येक वडीबरोबर काथ्याची छोटी गादी देतात. तिच्यावर ठेवलेली वडी दोन आंघोळींच्या मधल्या वेळात सुकते.