दिवाळी ते संक्रांत: उभ्या स्पोर्ट्स गाडीची बॅटरी कोण खातं?

संक्रांतीच्या सकाळी मानवतला काकांच्या वाड्यासमोर आम्ही सहाजण एका गाडीभोवती उभे होतो. गाडी माझ्या चुलतभावाची. सेकंड हँड घेतलेली, टर्बो इंजिनाची, दोनशेच्या वर हॉर्सपॉवरची जर्मन बनावटीची स्पोर्ट्स गाडी. पुण्यात पार्किंग नाही म्हणून ती गावी असते. लक्ष्मीपूजनाला त्याने ती धुऊन-पुसून पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि चौदा जानेवारीला परत आला. चावीचं बटण दाबलं, काही नाही. काका म्हणाले, "चूं पण करीना की रे!"

शेजारचा ट्रॅक्टर आणला, जंप केबल आणली. मग कळलं की या गाडीची बॅटरी बोनेटखाली नसून डिकीत आहे. आणि डिकी उघडते विजेच्या बटणावर. म्हणजे कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप! शेवटी मॅन्युअलची पीडीएफ मोबाईलवर उघडली तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. रिमोट चावीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली लपवलेली असते, ती ड्रायव्हरच्या दाराला लागते. आणि बोनेटखाली जंप स्टार्टसाठी वेगळे दोन टर्मिनल दिलेले असतात. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर या दोन जागा आजच बघून ठेवा, कारण बॅटरी संपल्यावर त्या शोधायला फार वैताग येतो.

गाडी चालू झाली. डॅशबोर्डवर मात्र एअरबॅग, स्टिअरिंग, एबीएस असे सगळे दिवे लागले. बिघाड काहीच नव्हता. व्होल्टेज फार खाली गेलं की गाडीतले छोटे कॉम्प्युटर गोंधळतात आणि चुकीच्या तक्रारी नोंदवून ठेवतात. थोडं चालवल्यावर बरेचसे दिवे आपोआप गेले.

गाडी झोपते, पण एक डोळा उघडा ठेवून

आता हिशोब बघू. गाडी लॉक केल्यावरही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, सिमकार्डवाला मोडेम, घड्याळ हे सगळं थोडी थोडी वीज घेत राहतं. चांगल्या झोपलेल्या आधुनिक गाडीत हा प्रवाह साधारण 20 ते 50 मिलीअँपिअर असतो. 50 धरला तर दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. लक्ष्मीपूजन ते संक्रांत म्हणजे ढोबळमानाने 84 दिवस. गुणाकार करा: जवळजवळ 100 अँपिअर-अवर. भावाच्या गाडीची बॅटरी होती 70 ची. म्हणजे कुणी काही चूक केली नसती तरी ती संपणारच होती, आणि स्टार्टर फिरवण्याइतका दम तर त्याच्याही खूप आधी जातो.

थंडीचा वाटा किती? आपल्याकडे थंडी नसते असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा काही हिवाळ्यांमध्ये पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. इतक्या थंडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तीच बॅटरी स्टार्टरला कमी ताकद देते. वर इंजिन ऑइलही घट्ट झालेलं असतं. पण खरं नुकसान त्याआधी, एप्रिल-मेच्या 42-43 अंशांत झालेलं असतं. उष्णतेने बॅटरीच्या प्लेट झिजतात. बॅटरी खचते उन्हाळ्यात, कळतं हिवाळ्यात.

फोनचा नियम इथे उलटा

तुम्ही वाचलं असेल की जुना फोन कपाटात ठेवायचा तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा. बरोबर आहे, पण ते लिथियम-आयन बॅटरीसाठी. गाडीतली 12 व्होल्टची बॅटरी बहुतेक वेळा लेड-अ‍ॅसिड असते (महागड्या गाड्यांत तिचाच एजीएम नावाचा प्रकार). तिला अर्धपोटी राहणं सोसत नाही. चार्ज उतरला की प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक बसतात. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतात, आठवडेच्या आठवडे तसंच ठेवलं तर कडक होऊन बसतात आणि तेवढी बॅटरी कायमची बाद होते. म्हणून ही बॅटरी पूर्ण भरलेलीच ठेवायची.

साधा मल्टिमीटर लावला तरी अंदाज येतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीवर 12.7 व्होल्ट दिसले तर पोट भरलेलं, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मं. 12.0 दिसले तर त्याच दिवशी चार्जर लावा. काही मोजक्या स्पोर्ट्स गाड्यांत 12 व्होल्टचीच पण लिथियम बॅटरी येते. तिला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लावू नका, बॅटरीवरचं लेबल आधी वाचा.

खुंटीवरची चावी आणि हातातलं अ‍ॅप

भावाची बॅटरी हिशोबापेक्षाही लवकर संपली होती. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच अ‍ॅपवर गाडी 'ऑफलाइन' दिसायला लागली होती. त्याला वाटलं गावात नेटवर्क नसेल. (मानवतमध्ये नेटवर्क उत्तम आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.)

कारण दोन निघाली. काकांनी चावी भिंतीच्या ज्या खुंटीला टांगली होती, त्या भिंतीच्या पलीकडेच गाडी उभी होती. कीलेस गाडी आपली चावी जवळ आहे का हे अधूनमधून चाचपत असते, आणि चावी सापडत राहिली की अनेक मॉडेलमध्ये तिचे कॉम्प्युटर नीट झोपतच नाहीत. दुसरं कारण स्वतः भाऊ. पुण्यात ऑफिसमध्ये बसून तो दिवसातून चार-पाच वेळा अ‍ॅप उघडून गाडी 'बघायचा'. प्रत्येक वेळी अ‍ॅप ताजी माहिती मागतं, सर्व्हर मोडेमला हाक मारतो, मोडेम गाडीतल्या बाकीच्यांना उठवतो. मग ती सगळी मंडळी काही मिनिटं जागी राहतात आणि तेवढा वेळ प्रवाह मिलीअँपिअरमधून थेट काही अँपिअरवर जातो. जीव लावला, आणि त्याच जिवाने बॅटरी खाल्ली.

म्हणून चावी गाडीपासून दूर, वरच्या मजल्यावर ठेवा. अ‍ॅप उघडायचा मोह आवरा. कंपनीने 'ट्रान्सपोर्ट मोड' किंवा तशी खोल झोपेची सोय दिली असेल तर ती वापरा. गाडीवर नजर ठेवायचीच असेल तर बॅटरीला जोडायचा छोटा ब्लूटूथ व्होल्टमीटर मिळतो. त्याचा पल्ला काही मीटरचाच असतो, पण घरातलं कुणीतरी शेडजवळ जाऊन स्क्रीनशॉट पाठवू शकतं.

"रोज दहा मिनिटं चालू करत जा"

हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो, आमच्याही मिळाला. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला काही अर्थ असेल, आता तो तोट्याचा आहे. उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज सावकाश पिते, दहा मिनिटांत तिचं काहीच भरत नाही. इंजिन मात्र धड गरम होत नाही. जळलेल्या पेट्रोलमधून वाफ तयार होते, ती थंड इंजिनात पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते, सोबत न जळलेलं थोडं पेट्रोलही. इंजिन पूर्ण तापलं असतं तर हे सगळं उडून गेलं असतं. चालू करायचीच तर पंधरा दिवसांनी पाथरीपर्यंत जाऊन या, नाहीतर हात लावू नका.

खरा उपाय म्हणजे मेंटेनर चार्जर. बॅटरी भरली की तो आपोआप प्रवाह कमी करतो आणि महिनोन्महिने लावून ठेवता येतो. गावासाठी घेताना एकच गोष्ट विचारा: वीज जाऊन परत आली की तो स्वतःहून सुरू होतो का? काही चार्जर परत बटण दाबायची वाट बघत बसतात, आणि आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा साधा चार्जर लावून विसरून जाऊ नका, तो थांबत नाही. आणि जंप स्टार्ट ट्रॅक्टरवरून चालतो कारण तोही 12 व्होल्टचा असतो. ट्रकवरून कधीच नको, ट्रक बहुधा 24 व्होल्टचा असतो.

बाकी तयारी थोडक्यात. टाकी भरून ठेवा. दिवसा तीस आणि रात्री आठ अंश असा फरक पडला की रिकाम्या टाकीत दमट हवा ये-जा करते, आणि आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. हँडब्रेक लावून महिने काढू नका, चाकांना लाकडी ओट लावा. प्लास्टिकची ताडपत्री नको, दवाचं पाणी आत कोंडतं. कापडी कव्हर बरं. आणि उंदीर! हिवाळा म्हणजे मानवतमध्ये कापसाचा हंगाम. जिनिंगच्या आसपास सगळीकडे रुई उडते आणि उंदराला घरट्यासाठी याहून मऊ काय मिळणार? आम्हाला एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचा पसाभर गोळा सापडला. नशिबाने वायर शाबूत होत्या. बोनेट आठवड्यातून एकदा उघडून बघायला कुठलं अ‍ॅप लागत नाही.

आणि चालवायची असेल तर

खरं सांगू, टर्बो गाडी चालवायला मराठवाड्यात हिवाळ्यासारखा काळ नाही. 10 अंशांची हवा 40 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते, म्हणजे इंजिनाला तेवढा जास्त ऑक्सिजन. फरक पायाला जाणवतो. पण पहिली दहा-पंधरा मिनिटं तीन हजार आरपीएमच्या आत राहा. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं, आणि टर्बोची बेअरिंग त्या ऑइलवरच तरंगत असते.

टायरही तपासा. दुपारी 33 अंशांत 32 पीएसआय भरलेली हवा पहाटे 8 अंशांवर 28 च्या आसपास येते. गळती नसते, हवा आकुंचन पावते. म्हणून सकाळी थंड टायरवरच मोजा. स्पोर्ट्स गाडीच्या समर टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडायला लागतं. जर्मनीत हा प्रश्न इतका मोठा आहे की तिथे ठरावीक महिन्यांपुरतीच वैध असलेली नंबर प्लेट मिळते. लोक हिवाळाभर गाडी बंद ठेवतात, रस्त्यावरच्या मिठापासूनही ती वाचते. यूट्यूबवरचे हिवाळ्याचे बहुतेक सल्ले तिथले असतात. मीठ, बर्फ, विंटर टायर यातलं काही आपल्याला लागत नाही.

आपल्याला लागतं ते वेगळंच. हिवाळा म्हणजे उसाचा गाळप हंगाम. कल्याण-निर्मळ महामार्गावर पहाटे धुक्यात उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली झाकलेला. ताशी 100 वर गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 42 मीटर. चांगल्या टायरवर थांबायला आणखी 50. एकूण नव्वदच्या वर. डिपर मारलेल्या हेडलाइटमध्ये धड दिसतं त्याच्या निम्मं. अडीचशे हॉर्सपॉवर या हिशोबात कुठेच येत नाहीत.

त्या संक्रांतीला गाडी चालू झाली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि धुकं होतं. भावाला लगेच परभणीची चक्कर मारायची होती. काकांनी चावी काढून घेतली, म्हणाले, "ऊन पडू दे." साडेनऊला निघालो. वाटेत उसाच्या अकरा ट्रॉल्या लागल्या. मागे दिवा होता तिघींना.