शेताची सुगी आणि पदवीचे वर्ष

पुण्यास शिकावयास पाठविलेला मुलगा पदवी न घेताच गावी परत आला, ही गोष्ट आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी किंवा शेजारी घडलेली आहे. पोराचे डोके चालले नाही, त्याला शहराचे वारे लागले, अशी कारणे मग पारावर सांगितली जातात. आमच्या समजुतीप्रमाणे ती बहुधा खरी नसतात.

मृग नक्षत्र लागले की कुणब्याच्या हाती असेल-नसेल तो पैसा बियाण्यात व खतात जातो. नेमक्या त्याच सुमारास महाविद्यालयाचे शुल्क, खोलीची अनामत रक्कम आणि खाणावळीचा पहिला महिना ही तिन्ही देणी एकदम पुढे येतात. शेतकऱ्याचे उत्पन्न वर्षातून एकदा, फार तर दोनदा. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसावयाचा, उसाचा त्याहूनही मागाहून. खाणावळवाला मात्र दर महिन्याच्या आरंभी हात पुढे करतो आणि त्यात त्याचाही दोष नाही. सदाशिव-नारायण पेठांतून एका खोलीत चार-चार खाटा टाकून राहणारी मुले आषाढ-श्रावणात एक वेळचे जेवण सोडतात, ते व्रत म्हणून नव्हे. अशा स्थितीत एखादा विषय राहिला, पुढील सत्रात दुसरा राहिला, की मुलगा कोठे तरी पूर्णवेळ कामास लागतो. आणि महाविद्यालय सुटते ते सुटतेच.

भुकेचा हा प्रश्न पुण्यास नवा नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. १९०९ साली निघालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, ह्याच माधुकरीच्या आधाराने उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, तेव्हा त्यांच्यापुढेही आधी भाकरीचाच प्रश्न होता. कोठारात दाणा उरला नाही त्या प्रसंगी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही दिले, हे सर्वश्रुत आहे. त्या मुलांना काही महिन्यांनी मोठी देणगी मिळाली असती तरी तिचा काय उपयोग होता? त्या दिवशी चूल पेटणे अवश्य होते. १९३२ साली भाऊरावांनी पुण्यास युनियन बोर्डिंग काढले, आणि १९४७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात श्रम करून शिकण्याची सोय पदवीपर्यंत नेली. पुढे १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापून खेड्यांतील मुलांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था केली. तेथेही मुलांनी काही काम हातांनी करावे असाच शिरस्ता आहे.

आता सरकारी मदत नाही असे कोणी म्हणू नये. ज्यांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आहे त्यांच्याकरिता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. २०२४ सालापासून आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अल्पभूधारकांच्या मुलांस पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून खाणावळ माफ होत नाही, आणि भत्त्याची रक्कम पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर खात्यात पडते. शिवाय ही सर्व मदत दाखल्यांवर अवलंबून असते, आणि येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे.

आमची सारी नोकरी महसुली दप्तरात गेली. एका तालुक्याच्या कचेरीत असता एका विद्यार्थ्याचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, चौकशी-अहवालावर तलाठ्याची सही नाही म्हणून, आम्ही परत लावला. (तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सहीवाचून अडते ते पूर्वीप्रमाणेच.) नियमाप्रमाणे आम्ही चुकलो नव्हतो. पण त्याच दिवशी माणूस पाठवून सही आणविता आली असती. मुलगा आठ दिवसांनी एस.टी.ने पुन्हा आला, तेव्हा शिष्यवृत्तीची मुदत उलटली होती. दाखला हातात घेऊन तो काही न बोलता उभा राहिला. पुढे तो शिकला की नाही हे आम्ही विचारले नाही. ते आज विचारावेसे वाटते.

म्हणून आमची सूचना एवढीच की, बियाण्याकरिता पीककर्ज जसे पेरणीपूर्वी मिळते व सुगीवर फिटते, तशी संस्थेने सभासदांच्या पुण्यात शिकणाऱ्या मुलामुलींस आषाढापासून दिवाळीपर्यंत खाणावळीपुरती उचल द्यावी आणि ती शिष्यवृत्ती जमा झाल्यावर किंवा माल विकल्यावर वळती करून घ्यावी. बियाण्याचा पैसा पीक आल्यावर घे, असे कोणी शेतकऱ्यास सांगत नाही. रक्कम मोठी लागणार नाही. मात्र ती वेळेवर हवी, आणि थेट खाणावळीस पोचती झाली तर अधिक बरे. विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत मुलाने नाव घालावे, पण दिवसाचे दोन-तीन तासच. त्याहून अधिक काम घेतल्यास अभ्यासाचे वाटोळे होते.

ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांनीही हताश होऊ नये. नव्या पद्धतीत मिळविलेले श्रेयांक सर्वसाधारणपणे सात वर्षे जमा राहतात. घरची शेती सोडता येत नसेल त्यास १९८९ साली नाशकास निघालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

उत्पन्नाचा एका वर्षाचा दाखला मार्चअखेरपर्यंतच चालतो, तेव्हा नवा दाखला एप्रिल लागताच काढावा. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर जी रांग लागते तीत उभे राहण्याची पाळी आणू नये. एप्रिल व मे ह्या दोन महिन्यांत दर बाजारच्या दिवशी सकाळी आम्ही संस्थेच्या कचेरीत अर्ज लिहून देण्यास बसू. येताना सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका, आधारपत्र आणि मुलाची मागील परीक्षेची गुणपत्रिका बरोबर आणावी. सही राहिली असल्यास ती आणविण्याचे काम आमचे.