तीस गाणी, पावणेसात लाख डॉलर

बोस्टन, 10 ऑगस्ट 2009

इथल्या फेडरल न्यायालयात 31 जुलैला लागलेल्या निकालाची चर्चा विद्यार्थ्यांत अजून थांबलेली नाही. जोएल टेनेनबॉम हा बोस्टन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधन करणारा विद्यार्थी. तीस गाणी इंटरनेटवरून फुकट उतरवली आणि इतरांसाठी खुली ठेवली म्हणून ज्यूरीने त्याला गाण्यामागे 22,500 डॉलर, म्हणजे एकूण 6,75,000 डॉलर भरायला सांगितले. आपल्याकडचे जवळजवळ सव्वातीन कोटी रुपये! आयट्यून्सवर एक गाणे साधारण डॉलरभरात मिळते. पण ज्यूरी कायद्याबाहेर गेलेली नाही. इथला कॉपीराइट कायदाच एका कृतीमागे 750 ते 30,000 डॉलर आणि जाणूनबुजून केले असेल तर दीड लाखांपर्यंत भरपाई लावू देतो. प्रत्यक्ष तोटा किती झाला, हे खटला भरणाऱ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना दाखवावेच लागत नाही.

टेनेनबॉम सापडला तो आई-वडिलांच्या घरच्या इंटरनेटवरून. पण या लढाईचे खरे मैदान कॉलेजची वसतिगृहे हेच राहिले. नव्वदच्या दशकात, घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून रखडत इंटरनेट चालत होते तेव्हा, विद्यापीठांनी डॉर्मच्या खोल्याखोल्यांत वेगवान नेटवर्क नेले. प्रत्येक उशीमागे एक पोर्ट, हे तिथल्या नेटवर्कवाल्यांचे ब्रीदच होते. अठरा वर्षांची मुले, हाताशी हा वेग आणि खिशात बेताचे पैसे. 1999 मध्ये याच शहरातल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने एकमेकांच्या संगणकावरची गाणी उतरवू देणारे नॅपस्टर आणले आणि कॅम्पसची नेटवर्के गाण्यांनी तुंबली. पुढच्याच वर्षी मेटॅलिका या बँडने नॅपस्टरबरोबर येल, इंडियाना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांनाही कोर्टात खेचले. 2001 मध्ये नॅपस्टर बंद पडले. मुले कझा, लाइमवायर अशा तशाच प्रोग्रॅमकडे वळली.

2003 मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी थेट विद्यार्थ्यांवर खटले सुरू केले. पहिले चौघे तीन वेगवेगळ्या संस्थांतले. कॅम्पसच्या आतल्या संगणकांवर कोणती फाइल कुठे आहे, हे शोधून देणारी सोय ते चालवत होते. बारा ते साडेसतरा हजार डॉलर देऊन चौघांनीही तडजोड केली. त्यांतल्या एकाची आयुष्यभराची बचत त्यातच गेली.

फेब्रुवारी 2007 मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने नवी पद्धत काढली. कंपन्यांचा तपासनीस साध्या वापरकर्त्यासारखा लाइमवायर उघडत असे, कोणाच्या फोल्डरमधून कोणती गाणी मिळतात ते पाहत असे आणि त्या संगणकाचा आयपी क्रमांक व वेळ टिपून घेत असे. त्या क्रमांकावरून विद्यापीठ कळे, विद्यार्थी कळत नसे. म्हणून तडजोडीचे पत्र विद्यापीठाला जाई. त्या वेळी तो क्रमांक कोणाच्या मशीनला दिला होता, हे विद्यापीठाच्या नोंदवहीत असे. ती पाहून विद्यापीठाने पत्र मुलाकडे पोचवायचे. पत्रात वीस दिवसांची मुदत आणि एका वेबसाइटचा पत्ता असे. तिथे क्रेडिट कार्डाने सुमारे तीन हजार डॉलर भरले की प्रकरण मिटे. वकील केला तर त्याहून जास्त खर्च येई, म्हणून बहुतेक मुले मुकाट्याने भरत. पहिल्या फेरीत अशी 400 पत्रे 13 विद्यापीठांना गेली.

विद्यापीठांनी हे काम करावे का? माझ्या मते मुळीच नाही. ज्याने शिकवायचे त्यानेच वसुलीचा निरोप्या होणे हे त्या नात्याला शोभत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाने हे ओळखले आणि कोर्टाचा आदेश आल्याशिवाय पत्रे पुढे पाठवायला नकार दिला. ऑरेगनमध्ये तर राज्याचे अॅटर्नी जनरल हार्डी मायर्स 17 विद्यार्थ्यांच्या नावांसाठी निघालेल्या आदेशाविरुद्ध कोर्टात गेले. एका खोलीत दोघे राहत असतील तर गाणे कोणी उतरवले, हे नोंदवही कशी सांगणार, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असेच. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक चार्ल्स नेसन यांनीही विद्यापीठांनी या दडपणाला बळी पडू नये असे लिहिले होते, आणि टेनेनबॉमचे वकीलपत्र त्यांनीच घेतले.

अमेरिकन काँग्रेस मात्र उलट दिशेला गेली. कडक कायद्याची मागणी करताना चित्रपट कंपन्यांच्या संघटनेने चोरीमुळे होणाऱ्या आपल्या तोट्यातला 44 टक्के वाटा कॉलेजच्या मुलांवर टाकला होता. जानेवारी 2008 मध्ये तो आकडा चुकीचा असून खरा 15 टक्के असल्याचे संघटनेनेच कबूल केले. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या उच्च शिक्षण कायद्याने चोरी रोखण्याची लेखी योजना करण्याची सक्ती कॉलेजांवर केली.

गायक-वादकांना त्यांच्या कष्टाचे मोल मिळालेच पाहिजे. फुकट घेणे हा हक्क नव्हे. पण तीस हजारांहून अधिक लोकांना कायद्याच्या कचाट्यात पकडूनही फुकट देवघेव थांबली नाही आणि डिसेंबर 2008 मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने नवे सरसकट खटले थांबवल्याचे जाहीर केले. एका विद्यार्थ्यावर सव्वातीन कोटींचा बोजा टाकणे हा न्याय नव्हे. काँग्रेसने ही भरपाईची तरतूद बदलली पाहिजे.

या महिन्यात पुण्या-मुंबईहून, नागपूर-औरंगाबादहून शेकडो मुले इथे शिकायला येत आहेत. खटले थांबले तरी विद्यापीठांना नोटिसा येतच आहेत. नोटीस आली की नेटवर्क तोडले जाते, शिस्तभंगाची चौकशी होते. लाइमवायरसारख्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही उतरवलेले गाणे आपोआप इतरांसाठी खुले होते आणि पकडले जाता ते त्यामुळेच. म्हणून लॅपटॉप कॅम्पसच्या नेटवर्कला जोडण्यापूर्वी असले प्रोग्रॅम काढून टाका, आणि सही करण्याआधी नेटवर्कचे नियम पूर्ण वाचा.