मुख्याध्यापकपदाची पूर्वतयारी

वर्ग चालविणे आणि शाळा चालविणे ही दोन निराळी कामे होत. आपल्याकडे मुख्याध्यापकपदाची पदोन्नती मुख्यत्वेकरून सेवाज्येष्ठतेने होते. परंतु वीस वर्षे वर्ग उत्तम चालविलेल्या शिक्षकास दुसरे काम आपोआप साधेल असे मानणे धाडसाचे आहे.

ही उणीव ध्यानी घेऊन २०१२ साली नवी दिल्ली येथे शैक्षणिक नियोजन व प्रशासन यांच्या राष्ट्रीय संस्थेत शालेय नेतृत्वाचे केंद्र स्थापन झाले. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगर येथील ‘मिपा’ ही संस्था हे कार्य पाहते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणातही मुख्याध्यापकांचा अंतर्भाव झाला. स्वतःची घडण, अध्यापनात सुधारणा, सहकाऱ्यांची एकजूट, नवे उपक्रम, पालक व गाव यांचे सहकार्य असे या अभ्यासक्रमाचे विषय आहेत. नावे ऐकून ते व्याख्यानाचे विषय वाटतील. त्यांची कसोटी मात्र कार्यालयाच्या दारातच लागते.

भोसरीचेच उदाहरण घेऊ. हा भाग आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. येथील कारखान्यांवर पोट असणारी अनेक कुटुंबे बाहेरगावची. काम बदलले की बिऱ्हाड चाकणकडे हलते आणि भर सत्रात मूल जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारात उभे राहते. जवळ दाखला नाही, कधी जन्माचा पुरावाही नाही. अशा वेळी ‘आधी दाखला आणा’ हे शब्द सहज तोंडून जातात, आणि मुलाचे वर्ष तेथेच बुडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याच्या विलंबास्तव अगर वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयानुरूप वर्गात बसवावयाचे आणि मागे पडले असल्यास त्यास विशेष प्रशिक्षण द्यावयाचे. उलटपक्षी, दाखला देण्यास विलंब लावणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो.

कलम पाठ असणे ही निम्मीच तयारी होय. पटावर आधीच गर्दी असलेल्या वर्गशिक्षकास हे मूल आपले वाटावे, त्याच्या वाचनाची चाचणी त्याच आठवड्यात व्हावी, दुसऱ्या भाषेतून आलेल्या मुलाशेजारी कोणास बसवावे, हे ठरविणे म्हणजे नेतृत्व. म्हणून प्रशिक्षणात असे प्रसंग प्रशिक्षणार्थींपुढे ठेवून त्यांच्याकडून निर्णय करवून घ्यावेत. कोणी पालक व्हावे, कोणी शिक्षक, मग चर्चा. दुसऱ्याच्या पाठाचे निरीक्षण करून, सहकाऱ्यास न दुखविता दोष सांगण्याचा सरावही तेथेच व्हावा. (दोष सांगणे सोपे, न दुखविता सांगणे फार थोड्यांस जमते.)

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. कामाची पाळी असलेला पालक दुपारच्या सभेस येणार कसा? सभेची वेळ बदलणे हेही मुख्याध्यापकाचेच काम. केवळ सह्या गोळा करून शाळा विकास आराखडा तयार होत नाही.

एक अडचण मात्र उरते. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेस मुख्याध्यापक मिळतो तो पटसंख्या १५० हून अधिक असेल तरच. लहान शाळांत वर्ग सांभाळून कार्यभार वाहणारे प्रभारी शिक्षकच असतात, आणि प्रशिक्षणाच्या यादीतून नेमकी त्यांचीच नावे सुटण्याचा संभव असतो. केंद्रप्रमुखांनी याद्या पाठविताना ही नावे प्रथम लिहावीत.