आधी प्रबंध, मग कौशल्ये?

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 782 असा वाचला होता. त्यांच्याच पदरी राहून शिलालेख उतरून घेण्याचे काम केलेल्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो 982, म्हणजे इ. स. 1060, असल्याचे दाखवले, आणि एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. या पंडितांना पुढे लायडन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

याच परिसरात, उल्हासनगर-बदलापुरात, पीएच.डी.साठी नाव नोंदवलेल्या तरुणांकडून ‘आधी प्रबंध होऊ दे, कौशल्यांचे मग पाहू’ असे ऐकले की मला मनापासून वाईट वाटते. कारण शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने थोपटत अक्षरांच्या खाचांत उतरवून, त्यावर शाईची गादी हलक्या हाताने फिरवण्याचे कसब प्रकरण लिहायला घेतल्यावर आठवड्याभरात हाती येत नाही.

कोर्सवर्क संपले की प्रशिक्षण संपले, हाही भ्रमच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीत कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचे आहे खरे. परंतु विषय कोणताही असो, अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षणही तिला अभिप्रेत आहे, आणि त्यासाठी आठवड्याला चार ते सहा तासांचे काम सोपवण्याची तजवीज तिने करून ठेवली आहे. किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांची मुदत प्रवेशाच्या तारखेपासून धावू लागते. सल्लागार समितीपुढे दर सहामाहीस प्रगती मांडावी लागते, ती केवळ हजेरी न मानता, पुढील प्रकरणासाठी काय शिकायचे, कोणापाशी आणि कधीपर्यंत, याचा लेखी आराखडा त्याच वेळी मंजूर करून घ्यावा. शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध स्वीकारतच नाहीत, ही 2016 च्या नियमांतील अट नव्या नियमावलीने सक्तीची ठेवलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र पाहावा.

मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल दूर, म्हणून इकडे काही शिकता येत नाही, हे तर मुळीच खरे नव्हे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अंबरनाथ-बदलापूरची औद्योगिक वसाहत घराजवळ आहे. मार्गदर्शकांच्या पत्रानिशी तेथील एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, उपकरण रोज हाताळणाऱ्या माणसापाशी चार दिवस बसू देण्याची विनंती करता येते. नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षकाने ना-हरकत दाखला घेतानाच मे महिन्याची सुट्टी अशा कामासाठी राखून ठेवावी.