तोफा थंडावल्यानंतर

तोफा थंडावल्या म्हणजे युद्ध संपले, असा सर्वसाधारण समज असतो. सोव्हिएत संघराज्य १९९१ साली विलयास गेले, तेव्हा त्याच्या सीमाप्रदेशांत जे घडले त्याने हा समज खोटा ठरविला. तो का खोटा ठरला, याची मूलगामी मीमांसा करणाऱ्यांत अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स किंग यांना मानाचे स्थान आहे.

किंग यांच्या अभ्यासाला आरंभ झाला तो मोल्डोव्हापासून. रुमानिया आणि युक्रेन यांच्यामधील या लहानशा देशात १९८९ साली भाषेचा कायदा झाला आणि रशियन लिपीच्या जागी रोमन लिपी आली. नीस्टर नदीपलीकडील चिंचोळ्या पट्टीतील पुढाऱ्यांना ते निमित्त पुरले. ट्रान्सनिस्ट्रिया या नावाने त्यांनी वेगळी चूल मांडली. १९९२ साली रक्तपात झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैत शस्त्रसंधी झाली. या देशाच्या इतिहासावर किंग यांनी २००० साली ग्रंथ लिहिला. तत्पूर्वी, १९९७ साली, यादवी युद्धे मिटत का नाहीत या प्रश्नावर त्यांचा प्रबंध लंडनच्या सामरिक अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केला होता.

त्यांचे सर्वांत गाजलेले विवेचन २००१ सालचे. ट्रान्सनिस्ट्रिया, जॉर्जियातील अबखाझिया व दक्षिण ओसेशिया आणि अझरबैजानमधील नागोर्नो-काराबाख हे चार प्रदेश त्यांनी एकत्र तपासले. चोहोंकडे लढाई थांबली होती, तह मात्र कोठेच झाला नव्हता. किंग यांचे म्हणणे असे, की याचे कारण केवळ वांशिक वैर नव्हे. कालचे बंडखोर आज राज्यकर्ते झाले. त्यांनी शाळा, सैन्य, जकातनाकी उभारली. अनिर्णित स्थितीतच त्यांचे हित होते. नवल असे, की ज्या सरकारांचा मुलूख गेला, तेथील काही अधिकाऱ्यांनाही तीच स्थिती लाभदायक ठरली.

दक्षिण ओसेशियाच्या सीमेवरील एर्गनेतीचा बाजार हे याचे बोलके उदाहरण होय. युद्धात परस्परांवर गोळ्या झाडलेले जॉर्जियन आणि ओसेशियन तेथे निर्वेधपणे जकात चुकविलेल्या मालाचा व्यापार करीत. सरकारने २००४ साली तो बाजार मोडला. चोरटा व्यापार थांबला, पण दोन्ही समाजांना जोडणारा धागाही तुटला. त्याच उन्हाळ्यात पुन्हा चकमकी झडल्या.

या हिशेबात तोटा कोणाचा? अबखाझियातून परागंदा झालेल्या सुमारे २ लाख जॉर्जियनांचा, आणि त्यांच्यासारख्या असंख्य सामान्यांचा. वाटाघाटींच्या मेजावर त्यांना जागा नव्हती.

पुढील घटनांनी या विवेचनाला पुस्ती जोडली, तशी मर्यादाही दाखविली. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया व जॉर्जिया यांच्यात युद्ध पेटले. काराबाखचा निकाल सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या शस्त्रांनी लावला आणि १ लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांत घरदार सोडून गेले. नफ्यातोट्याच्या गणितावर उभी असलेली स्थिरता बलाबल पालटताच कोसळते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

किंग पुढे शहरांच्या आणि विचारांच्या इतिहासाकडे वळले. तथापि त्यांनी विचारलेला प्रश्न आजही टळत नाही. शस्त्रसंधी झाली, एवढ्यावर समाधान न मानता, ती लांबल्याने कोणाचे घर भरते आणि कोणाचे ओस पडते, हे पाहिल्यावाचून शांततेची वाट सापडावयाची नाही.