पट्टा झिजतो कशाने?

सुटीत मुरुडच्या किनाऱ्यावर गेलात तर चार फुगीर चाकांच्या छोट्या गाड्या वाळूतून धावताना दिसतील. या गाड्यांना 'एटीव्ही' म्हणतात. समोर समुद्रात पद्मदुर्ग उभा आणि इकडे पर्यटकांची हौस चाललेली! पण कधीकधी एखादी गाडी भुसभुशीत वाळूत रुतते. चालवणारा अंगठ्याने ॲक्सिलरेटर दाबून धरतो. इंजिन ओरडते, गाडी मात्र जागची हलत नाही. थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास येतो. गाडीतला पट्टा जळत असतो! अशा वेळी भरती चढत असेल, तर गाडी ओढून काढायला फारसा वेळही नसतो.

पट्टा तुमच्या ओळखीचाच आहे. पिठाच्या गिरणीत मोटरची गती जात्याला देतो तो पट्टाच आणि शिंप्याच्या मशीनवरची चामड्याची वादी हाही पट्टाच. एटीव्हीतला पट्टा रबराचा असून त्यात बळकट धागे असतात. त्याच्या कडा तिरप्या असतात. तो दोन कप्प्यांवरून फिरतो. एक कप्पी इंजिनाकडे असते, तर दुसरी चाकांच्या बाजूला.

या कप्प्यांची रचना मोठी गमतीची आहे. दोन बशा पाठीला पाठ लावून धरा. त्यांच्यामध्ये बाहेर रुंद होत जाणारी खाच दिसेल. पट्टा अशाच खाचेत बसतो. बशा जवळ आल्या की पट्टा बाहेर सरकतो, म्हणजे कप्पी जणू मोठी होते. बशा दूर गेल्या की तो आत उतरतो आणि कप्पी लहान होते. त्यामुळे गिअर न बदलता वेग आणि जोर यांचे प्रमाण आपोआप बदलत राहते. हॉलंडमधील 'डाफ' कंपनीने 1958 साली अशी मोटारगाडी बाजारात आणली. आपल्याकडे 1984 साली आलेल्या 'कायनेटिक होंडा' या स्कूटरमध्येही हीच युक्ती होती. आजच्या बहुतेक बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरही तिच्यावरच चालतात.

पाचरीची करामत

पट्टा दातांनी कप्पीत अडकत नाही. तो केवळ घर्षणाच्या बळावर गती देतो. मग एवढा जोर तो कसा पेलतो? लाकूड फोडताना पाचर ठोकली की ती दोन्ही बाजू फार मोठ्या बलाने दाबते. पट्टाही खाचेत पाचरीसारखाच बसतो. समजा, खाचेचा कोन 30 अंश आहे. त्याचा अर्धा 15 अंश. त्याची ज्या (साइन) सुमारे 0.26 येते. एकाला 0.26 ने भागा. उत्तर येते जवळजवळ 4. म्हणजे सपाट कप्पीच्या मानाने कडांवरचा दाब सुमारे चौपट होतो आणि घर्षणही त्याच प्रमाणात वाढते.

खरा शत्रू

जोपर्यंत पट्टा कप्पीला घट्ट धरून फिरतो, तोपर्यंत तो फारच हळू झिजतो. तो घसरू लागला की संकट येते. समजा, पट्ट्याकडे 6000 वॅट शक्ती येते आणि तो शंभरात पाच भाग घसरतो. मग 300 वॅट शक्तीची उष्णता होते. कप्पीच्या पात्यांनी ओढलेली हवा ती बाहेर नेऊ शकते. पण चाके वाळूत अडकली आणि पट्टा थांबला, तर इंजिनाची कप्पी पट्ट्याच्या एकाच भागावर घासत राहते. त्या वेळी इंजिन 3000 वॅट जरी देत असले, तरी पाणी तापवण्याचे 1000 वॅटचे तीन हीटर बंद डब्यात लावल्यासारखे होते!

तापलेले रबर कडक आणि तुळतुळीत होते. तुळतुळीत पट्टा आणखी घसरतो, म्हणून आणखी तापतो. असे हे दुष्टचक्र आहे. म्हणून अनुभवी मेकॅनिक पट्टा हातात घेऊन गाडी कशी चालवली ते ओळखतो. पट्टा एकाच जागी अरुंद झाला असेल, तर गाडी अडकलेली असताना इंजिन फिरवले, हे नक्की. कडा चकाकत असतील, तर पट्टा वारंवार घसरला आहे.

उपाय

कारण कळले की उपाय सोपे होतात. भुसभुशीत वाळूत, चढावर किंवा ओझे असताना गाडी 'लो' मध्ये चालवावी. तेथे पट्ट्यापुढची दंतचक्रे जोर वाढवतात, म्हणून पट्ट्यावरचा ताण कमी होतो. गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर सोडावा, चाकांपुढची वाळू उकरावी आणि गाडी ढकलावी. चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर तोलून न धरता ब्रेक लावावा. डब्याकडे जाणारी हवेची वाट वाळूने बुजू देऊ नये. आत पाणी गेल्यास ते काढून टाकावे, कारण ओला पट्टा घसरतो. खाऱ्या हवेने कप्पीवर गंज चढतो आणि तो कानसीसारखा पट्टा घासतो. म्हणून कप्प्यांचे तोंड स्वच्छ ठेवावे. पट्ट्याला तेल मात्र कधीही लावू नये. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

करून पाहा

पाण्याने भरलेल्या बाटलीला दोरी बांधा. दोरी आडव्या गुळगुळीत काठीवरून टाकून दुसरे टोक हाताने धरा. आता काठीभोवती आणखी एक वेढा द्या आणि पुन्हा धरा. बाटली तोलायला लागणारा जोर किती कमी झाला? राजपुरीच्या धक्क्यावर होडी बांधताना खुंटाला दोराचे वेढे का देतात, हे तुमच्या लक्षात येईल. मग दोरीला तेलाचा हात लावा आणि फरक पाहा.